अडलेल्याचा दर आधी फळ्यावर लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणहून परत येताना फोंडा घाट चढून दाजीपूरजवळ पोहोचलो आणि गाडी थांबली. इंजिन चालू होते. ॲक्सिलेटर दाबला की नुसते गुरगुरायचे आणि गाडी जागची हलायची नाही. आत जळका, घशाला लागणारा वास भरला होता. क्लच प्लेट गेली हे मला तेव्हाच कळले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. बरोबर बायको, आठ वर्षांची मुलगी आणि शहात्तर वर्षांची आई. हा रस्ता अभयारण्याच्या अंगाने जातो आणि अंधार पडला की गवे रस्त्यावर येतात, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मागे लाल त्रिकोण लावला आणि रस्त्यावरची मदत देणाऱ्या एका कंपनीला फोन लावला. रेंज येत-जात होती. गाडी नवी घेतली तेव्हा कंपनीने तीन वर्षे रस्त्यावरची मदत फुकट दिली होती. गाडी आता सहाव्या वर्षात आहे. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटने विचारले होते, "साहेब, आरएसए टाकू का?" आरएसए म्हणजे हीच रस्त्यावरची मदत. २९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५३ रुपये. मी म्हणालो, "राहू दे." चूक माझी होती आणि ती मी इथे कबूल करतो, कारण पुढची तक्रार त्या चुकीबद्दल नाही.

फोनवर पलीकडून सांगितले, "सर, आपली मेंबरशिप नाही. पण आत्ता घेऊ शकता." वार्षिक सभासदत्व १,४९९. आजच सेवा हवी म्हणून तातडीचा आकार २,०००. कोल्हापूरपर्यंत सुमारे ८० किलोमीटर, त्यातले पहिले २५ मोफत, पुढच्या ५५ ला ५० रुपये किलोमीटर. जीएसटी धरून ७,३७४. मी "हो" म्हणेपर्यंत फोन तुटला.

अर्ध्या तासाने पुढच्या वळणावरच्या टपरीतल्या मावशींच्या फोनवरून पुन्हा त्याच कंपनीला लावला. या वेळी दुसरी मुलगी बोलली. सोबत कोण आहे, लहान मूल आहे का, वयस्कर कोणी आहे का, सुरक्षित जागी आहात का, असे तिने विचारले. विचारायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. मी सगळे सांगितले. मग तिने आकडा सांगितला तो ९,१४४. तातडीचा आकार आता ३,५०० झाला होता. मी म्हटले, मघाशी दोन हजार सांगितले होते. ती म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये आत्ता हेच दाखवतंय. रात्रीचा दर असेल." असेल! तो दर कुठे लिहिला आहे, किती वाजता सुरू होतो, हे तिलाही सांगता आले नाही. मी पैसे भरले. आई टपरीतल्या बाकावर बसून सारखी विचारत होती, "येणार ना रे ती गाडी?" तिच्यासमोर मी घासाघीस करणार नव्हतो.

जे ३५३ रुपयांत झाले असते, त्याला जवळपास सव्वीस वर्षांचा हप्ता एका संध्याकाळी गेला. तरीही मी म्हणतो, आयत्या वेळी येणाऱ्याला दर जास्त असणे योग्यच आहे. वर्षभर ज्यांनी पैसे भरले त्यांच्याच जिवावर क्रेन, ड्रायव्हर आणि रात्रपाळीचे टेलिफोनवाले उभे असतात. गाडी बंद पडल्यावरच सभासद होता येईल आणि तेही त्याच दरात, असे ठरले तर आधी कोण भरेल? आपल्याकडे गल्लीगल्लीत भिशी चालते. ज्या महिन्यात आपल्याला पैशाची गरज, त्याच महिन्यात येऊन "माझे नाव घाला आणि आजची भिशी मला द्या" म्हणणाऱ्याला कोणी बसू देईल का? म्हणूनच स्वतंत्र घेतलेल्या काही योजनांत पहिले काही दिवस सेवाच मिळत नाही. शिवाय कोल्हापूरहून दाजीपूरला क्रेन रिकामी येते, तिचे डिझेल आणि माणसाची मजुरी खरी असते. आलेल्या पोराने रात्री साडेदहाला पुढची चाके उचलून, पट्टे दोनदा तपासून गाडी नीट बांधली. त्याच्या कामात मला नाव ठेवायला जागा नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, जास्तीचा दर माणसाची अडचण ऐकून ठरता कामा नये. सहकारात वाढलेल्या जिल्ह्याला सभासद आणि बिगरसभासद यांतला फरक शिकवावा लागत नाही. साखर कारखान्याची सवलतीची साखर सभासदाला मिळते, इतरांना बाजारभाव. कोणी तक्रार करत नाही, कारण दोन्ही भाव सगळ्यांना माहीत असतात. सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असतात, ते माणूस बघून बदलत नाहीत. रिक्षाचे भाडेसुद्धा प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते, रिक्षावाल्याने पावसात भिजलेली बाई बघून ठरवायचे नसते. मग घाटात अडकलेल्या कुटुंबालाच आकडा फोनवर, तोंडी, दर अर्ध्या तासाला वेगळा का?

याचा आणखी एक परिणाम होतो आणि तो पैशापेक्षा वाईट आहे. आम्ही थांबलो असताना एक पिकअपवाला भला माणूस थांबला. म्हणाला, "दादा, दोर बांधतो, राधानगरीपर्यंत नेतो. हजार द्या." मनात हो म्हणून झाले होते. पण इंजिन बंद असले की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि पुढे उतार, वळणे. इंजिन चालू ठेवून दोराने ओढत नेले तरी पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला की मागच्याने काय करायचे? घरात मेकॅनिकी जाणणारा भाऊ आहे म्हणून मला हे ठाऊक होते. ज्याला ठाऊक नाही आणि ज्याला नऊ हजारांचा आकडा ऐकवला आहे, तो दोरच बांधणार. दर परवडत नाही म्हणून नव्हे, तर तो फसवणुकीसारखा वाटतो म्हणून बांधणार.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ वर फोन करता येतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची ही मदतवाहिनी चोवीस तास चालते. किणी नाक्यावर टोल भरणाऱ्या किती जणांना हा आकडा पाठ आहे, हा प्रश्नच आहे. फोंडा घाटात टोल नाही, म्हणून टोलची क्रेनही नाही. जिथे वर्दळ कमी, रेंज कमी आणि जनावरे जास्त, तिथेच माणूस खासगी कंपनीच्या एका फोनवर अवलंबून असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले होते. तशा दिवसांत ज्याची गाडी अडकली असेल, त्याच्याकडून किती मागितले जाऊ शकते, याचा विचार करवत नाही. (जाता जाता सांगतो, पाणी शिरलेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनमध्ये पाणी गेल्याचे नुकसान आरएसएत बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षण वेगळे घ्यावे लागते.)

वाचकांना विनंती आहे की पॉलिसीचा कागद आजच काढून बघा. बहुतेकांना वाटते की फुल इन्शुरन्स म्हणजे रस्त्यावरची मदतही आली. तसे नसते, ते बहुधा वेगळे जोडून घ्यावे लागते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर साधारणपणे ते जोडूनही मिळत नाही. गाडी किती किलोमीटरपर्यंत मोफत नेतील, वर्षात किती वेळा बोलावता येईल आणि ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक पाठवतील का, हे तीन प्रश्न एजंटला विचाराच. स्पेअर पार्ट, पेट्रोल यांचे पैसे बहुतेक वेळा तुमचेच असतात.

विमा नियामक प्राधिकरण आणि परिवहन विभाग यांच्याकडे माझी मागणी अशी की, बिगरसभासदाचा दर, रात्रीचा दर, घाटाचा दर आणि किलोमीटरचा दर हे चारही कंपनीने आधी जाहीर करावेत. पॉलिसीच्या पहिल्या पानावर मराठीत छापावेत. क्रेन निघण्याआधी पूर्ण रक्कम मेसेजने यावी आणि त्यानंतर ती बदलू नये. घाटाच्या पायथ्याशी, वर चहाच्या टपऱ्यांजवळ, पेट्रोल पंपावर क्रेनच्या दराचा फलक लागावा. रिक्षाच्या दरपत्रकावर परिवहन कार्यालयाची सही असते, तशीच या फलकावरही असावी.

घरी आल्यावर मी त्या कंपनीला दोन्ही फोनच्या वेळा आणि दोन्ही आकडे लिहून पाठवले आणि तातडीच्या आकारात दीड हजारांचा फरक कोणत्या नियमाने पडला, एवढेच विचारले. उत्तर आले की दर "मागणीनुसार" ठरतात. म्हणून आता ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवणार आहे. पण मी एकटा आहे. आपल्या वृत्तपत्राचा प्रतिनिधी कोल्हापुरात सेवा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांकडे गेला, प्रत्येकीकडे दाजीपूर, आंबा घाट आणि गगनबावडा या तीन ठिकाणांहून कोल्हापूरपर्यंतचा बिगरसभासदाचा दर लेखी मागितला आणि जो मिळेल तो आपण छापलात, तर पुढच्या सुट्टीत कोकणात जाणाऱ्या कितीतरी घरांना तो कागद कापून गाडीच्या कप्प्यात ठेवता येईल. ज्या कंपन्या लेखी देणार नाहीत, त्यांच्यापुढे "दर दिला नाही" एवढेच छापावे.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर