पंख वाकला, मोडला नाही

रविवारी परभणीजवळच्या आमच्या शेतातल्या शेडमध्ये, मी शिकत शिकत डिझाइन केलेल्या छोट्या विमानाच्या पंखांची भारचाचणी झाली. विमानाचं एकूण वजन २५० किलो, पंखांवर द्यायचा भार त्याच्या ३.८ पट, म्हणजे ९५० किलो. उडताना हवा पंखांना वर ढकलते, म्हणून पंख उलटे बांधून त्यांवर ज्वारीची ५० किलोची १९ पोती रचली. टोकं वाकली, पोती उतरवताच जागेवर आली. भरून आलं.

पोती देऊन स्वतः वाहूनही आणणाऱ्या शेजारच्या शेतकरीदादांचे मनापासून आभार. वाळूजच्या फिटरकाकांचेही. "छिद्राची बर (कडेला उरलेला खरखरीत धातू) काढल्याबिगर रिव्हेट मारायचा न्हाई लेकरा, चीर तिथूनच सुटती," म्हणत त्यांनी माझ्या हातातलं ड्रिल काढून घेतलं होतं. आणि गुरुत्वमध्य मागे जातोय हे कागदावरच पकडून इंजिन पुढे घ्यायला लावणारे हवाई दलातले निवृत्त काका, तुमचे उपकार कसे फेडू?