सातबारावर नाव आहे, मग झालं?

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, वकील कोर्टात गेल्यावर मी ऑफिसात बसून काय करते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. टायटल तपासते. जमीन विकणाऱ्याकडे ती आली कुठून, आधी कुणाची होती, मध्ये कुणाचा हक्क राहून गेला का, हे कागद धरून मागे मागे जात पाहायचं. किमान ३० वर्षं; कारण गहाण मिळकत सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदतीच्या कायद्यात तेवढी मुदत आहे.

तुमचं "सातबारावर नाव आहे ना, मग झालं" इथे चालत नाही. त्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरतात (महसूल संहिता १९६६, कलम १५७). पण मालकी येते ती खरेदीखत, वाटणी किंवा वारशाने, नोंदीने नव्हे. म्हणून मी आधी नावाशेजारचे फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांक उतरवून घेते आणि प्रत्येक फेरफाराची, म्हणजे गाव नमुना ६ ची, नक्कल काढायला सांगते. खरी मेख तिथेच सापडते.

नावापुढे "ए.कु.मॅ." दिसलं, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन त्याच्या एकट्याची नाही, बाकीच्यांच्याही सह्या घेतलेल्या बऱ्या. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, १८ वर्षांखालच्या मुलाचा पालक. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या मालकीची जमीन पालकाने कोर्टाच्या परवानगीवाचून विकली असेल, तर ते मूल सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत व्यवहार रद्द करून मागू शकतं. तेव्हा मुलाचं वय मोजायचं आणि २१ पर्यंत सावध राहायचं.

सगळ्यात जास्त घोळ वारस फेरफारात. भावांची नावं लागलेली, बहिणींची गायब. विचारलं की उत्तर येतं, "त्यांनी तलाठ्याकडे लिहून दिलंय." तेवढ्याने हक्क सुटत नाही, हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं लागतं. ते नसेल, तर बहिणींना खरेदीखतात संमती देणार म्हणून घ्यावं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

"इतर हक्क" हा रकाना लोक वाचतच नाहीत. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, कुळकायदा कलम ४३ चा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही असा) शेरा सगळं तिथे असतं. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही, दाखला देऊन फेरफार करून घ्यावा लागतो. भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन असेल, तर विक्रीआधी परवानगीची चौकशी करायची.

मग निबंधक कार्यालयातली सूची २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची मिळकतीनुसार यादी. इथे नवखे हमखास चुकतात. जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. नुसत्या गटावर शोध घेतला तर जुने दस्त निसटतात. दोन्ही नंबरांनी शोधायचं. जुन्या वहीची पानं फाटलेली असतील, तर अहवालात तसं लिहायचं, "काही आढळले नाही" असं नव्हे.

आणि साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, हे खरेदीखत नव्हे. साठेखताने मालकी येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५४). खरेदीखतही सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदणीला न्यावं लागतं.

आता तुमचं काम. बाबा, आपल्या गटाचे सगळे फेरफार तलाठ्याकडून काढा, आजोबा गेल्यानंतरचा वारस फेरफार आधी. आत्यांची नावं आहेत का ते बघा. आई, कपाटातलं मूळ खरेदीखत सापडलं की फोन कर, आणि कुणी कितीही सांगितलं तरी ते लॅमिनेट करू नका. मग मुद्रांकाच्या पाठीमागचे शिक्के आणि कागद नीट तपासता येत नाहीत. साध्या कापडी पिशवीत, घडी न घालता ठेवा.

तुमची,
धाकटी