‘नौशिका’चा शेवट निराशेचा नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जपानी चित्रकार-दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘नौशिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड’ या चित्रकादंबरीच्या दोन खंडांतल्या संग्रहित आवृत्तीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांची पत्रं येत आहेत. कुणी पुस्तक डोक्यावर घेतलं आहे, कुणाला पैसे वाया गेल्यासारखं वाटलं आहे. मतं वेगळी असणारच. पण बऱ्याच पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली: शेवटाने घात केला, हजारावर पानं वाचायला लावून लेखकाने वाचकाच्या आशेवर पाणी फिरवलं. हे मला मुळीच पटलेलं नाही. मी साक्री तालुक्यातला निवृत्त कलाशिक्षक. चित्रांच्या ओढीने हे पुस्तक हाती घेतलं, पण ते मनात घर करून राहिलं ते त्याच्या शेवटामुळे. म्हणून हे लांबलेलं पत्र. ज्यांना अजून वाचायचं आहे त्यांनी पुढे वाचू नये, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला बोलताच येणार नाही.

आधी छपाईबद्दल, कारण तो माझा विषय आहे. एका वाचकाने लिहिलं की पानं तपकिरी, फिकट, जुनाट वाटतात, आवृत्ती नीट छापलेली नाही. तसं नाही. जपानी खंडही याच तपकिरी शाईत निघाले होते आणि २०१२च्या इंग्रजी संग्रहित आवृत्तीने ती शाई मुद्दाम राखली आहे. मियाझाकींनी यातलं पुष्कळसं काम पेन्सिलीने केलं. काळ्या शाईचा सपाट भराव फारच कमी दिसतो. सगळा अंधार, सगळी खोली बारीक रेघांच्या जाळीतून उभी केली आहे. सुरुवातीलाच नौशिका विषारी जंगलात एकटी शिरते आणि तिला ओमू या प्रचंड कीटकाची टाकलेली कात सापडते. त्या कवचाच्या कडा, त्याच्या डोळ्यावरचं पारदर्शक भिंग आणि वरून हिमासारखे पडणारे बीजाणू अगदी जवळून पाहा. भिंगाच्या पारदर्शकपणासाठी त्यांनी रेघा काढलेल्याच नाहीत, आजूबाजूच्या रेघा थांबवल्या आहेत. कोरा कागद भिंग झाला आहे. मुलांना शिकवताना हेच सांगून माझा घसा बसायचा, की कुठे काढायचं नाही ते आधी ठरवा. हे पान गडद काळ्यात छापलं असतं तर मेलं असतं.

पुस्तक जड आहे, आडवं पडून वाचता येत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. टेबलावर ठेवूनच वाचावं लागतं. उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय थोड्या पानांत होते.

आता ‘चित्रपट पाहिला, पुस्तकाची गरज काय’ या पत्राबद्दल. ही कथा ‘अ‍ॅनिमेज’ या जपानी मासिकात फेब्रुवारी १९८२ ला सुरू झाली आणि मार्च १९९४ ला संपली. मधे मधे चित्रपटांच्या कामासाठी मियाझाकी थांबायचे. याच कथेवरचा चित्रपट १९८४ मध्ये आला, म्हणजे त्यानंतर कथा आणखी दहा वर्षं चालायची होती. चित्रपटाचा शेवट सुखावणारा आहे आणि तो मलाही आवडतो, पण तो या कथेचा शेवट नव्हे. त्यात राजकन्या कुशाना जवळजवळ शत्रूच वाटते. पुस्तकात कळतं की तिच्यासाठी ठेवलेलं विष तिच्या आईने प्यायलं आणि आईचं भान कायमचं हरपलं. मग तिच्या प्रत्येक आज्ञेचा अर्थ बदलतो. ही माणसं घडायला पानं लागतात, आणि मूळच्या सात खंडांचा मजकूर सलग वाचायला मिळणं हाच या संग्रहित आवृत्तीचा खरा फायदा आहे.

शेवटाकडे येतो. थोडक्यात पार्श्वभूमी अशी. हजार वर्षांपूर्वी सात दिवसांच्या अग्निप्रलयात जुनी औद्योगिक संस्कृती जळून गेली. उरलेल्या जमिनीवर विषारी बुरशीचं जंगल पसरत चाललं आहे. मुखवट्याशिवाय तिथे श्वास घेतला तर मरण. सगळे राजे या जंगलाला आणि त्यातल्या कीटकांना शत्रू मानतात. वाऱ्याच्या खोऱ्यातली नौशिका हीच झाडं स्वच्छ मातीत, स्वच्छ पाण्यावर वाढवून पाहते आणि तिला दिसतं की ती विष सोडतच नाहीत. विष जमिनीत आहे. जंगल ते शोषून जमीन धुऊन काढतं आहे. ही कल्पना हवेतून आलेली नाही. जपानमधल्या मिनामाता उपसागरात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा उतरला, माणसं लुळी झाली, मेली. १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. तिथली मासेमारी बंद पडली आणि पुढे त्याच विषारी पाण्यात माशांचे थवे वाढले. मियाझाकींच्या मनात हे होतं, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

इथवर वाचकांची तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. शेवटी नौशिका जुन्या संस्कृतीची विद्या जपणाऱ्या शुवाच्या थडग्यापर्यंत पोचते आणि तिथे सत्य उघडं पडतं. हे जंगल निसर्गाचं नव्हे, प्रलयाआधीच्या जाणकारांनीच जमीन शुद्ध करण्यासाठी घडवलेलं यंत्र आहे. आजची माणसंसुद्धा त्यांनीच बदललेली, विषात तग धरतील अशी. जग स्वच्छ झालं की ती स्वच्छ हवा यांनाच सोसणार नाही. पुढच्या युगासाठी शांत, सौम्य अशी नवी माणसं थडग्यात अंड्यांच्या रूपात जपून ठेवली आहेत. थडग्याचा स्वामी वर असंही म्हणतो की तुम्हाला पुन्हा मूळच्यासारखं करण्याची विद्या माझ्याकडे आहे. आणि नौशिका ते थडगंच नष्ट करते.

‘तिने उपचारच जाळून टाकला’, असं एका पत्रात होतं. आक्षेप वजनदार आहे, मी तो उडवून लावत नाही. पण मागची पानं उलटून पाहा. याच थडग्याने पिढ्यान् पिढ्या राजांना विद्या पुरवली. कथेतल्या युद्धात एका बाजूने लढणाऱ्या दोरोकांनी वापरलेली बुरशी याच विद्येतून आली, हाताबाहेर गेली आणि त्यांचाच देश गिळून बसली. त्या बुरशीकडे ओमूंचे कळप चालत गेले, तिथेच मेले आणि त्यांच्या देहांतून नवं जंगल उगवलं. कुठल्याही जाणकाराच्या आराखड्यात हे लिहिलेलं नव्हतं. घडवलेल्या यंत्रात जीव आला होता, माया आली होती. हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीने ‘सगळं आधीच ठरलंय, तुम्ही फक्त मधल्या काळापुरते’ असं सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा?

हे आम्हाला इकडे लवकर उमगतं, असं मला वाटतं. खान्देशात कापूस पिकवणाऱ्या कुठल्याही घरात जा. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारा जनुक घातलेल्या वाणाला, परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला असं सगळ्यांनी मानलं होतं. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीने कैऱ्या आतून पोखरल्या. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत सरकी खाल्लेली आणि कापूस पिवळा, कवडी. लोक पाठीला पंप आणि तोंडाला रुमाल बांधून फवारत राहिले, आणि त्या फवारणीत ढालकिडे, क्रायसोपा हे मित्रकीटकही मेले. आता नर पतंगांना मादीच्या वासाने ओढणारे कामगंध सापळे लावतात, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखणं, घेऊ नका म्हणून सांगतात, म्हणजे किडीच्या जगण्याचा क्रम समजून घेऊन तिच्याशी वागतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातही तेच: विहिरी आटल्या, बोअर खाली खाली गेले, आणि आता कुठे पाणी जिरवण्याची भाषा होते आहे. वरून आलेला एकच तोडगा कायम पुरतो, ही समजूत आमच्या वावरात मोडली आहे. नौशिकाने थडग्यात मोडली ती हीच.

माझा मोठा भाऊ शेतकरी, पुस्तकांच्या वाटेला न जाणारा. त्याला मी कथा सांगायला बसलो तर सुरुवातीलाच म्हणाला, “बठ्ठं मरी गयं, तं मंग गोष्ट कसानी?” म्हणजे सगळं मेलं, तर मग गोष्ट कशाची? प्रलयावरच्या बहुतेक कथांना हा प्रश्न लागू पडतो. त्यांत उरलेली माणसं डबे आणि बंदुका शोधत फिरतात. इथे पेरणी चालू आहे, पवनचक्क्या पाणी उपसताहेत, म्हातारी माणसं बीजाणू जाळायला शेतात उतरताहेत, मुलं जन्मताहेत. ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या रोज पाहणाऱ्या मला ते खोरं परकं वाटलं नाही. भावाला मी तेवढंच सांगितलं, की राहिलेल्यांची गोष्ट आहे. मग त्याने शेवटपर्यंत ऐकलं. त्याला शेवट निराशेचा वाटला नाही. उलट, नौशिकाने लोकांना सगळं सत्य सांगितलं नाही, ते बरोबर की चूक, यावर तो बराच वेळ माझ्याशी भांडला. मला ते चूक वाटतं, त्याला बरोबर. माझ्या मते पुढच्या पत्रांत यावर वाद व्हायला हवा, कारण तिथे नौशिका खरोखरच अडचणीत सापडते: जे थडगं सत्य लपवून राज्य करत होतं, ते पाडून आल्यावर ती स्वतःही काही लपवते.

शेवटची विनंती गावोगावच्या वाचनालयांना. हे पुस्तक बालविभागात लावू नका. चित्रं दिसली की ते तिकडेच जातं, आणि लहान मुलाच्या हाती युद्धातली प्रेतांनी भरलेली पानं येतात. मोठ्यांच्या कपाटात ठेवा, आणि दोन्ही खंड एकाच वेळी एकाच वाचकाला द्या. पहिला खंड वाचून दुसऱ्यासाठी महिनाभर थांबलेला माणूस नावं विसरतो, कंटाळतो आणि शेवटापर्यंत पोचत नाही.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक
ता. साक्री, जि. धुळे