कुंभाचे भाडे शेतीचे उत्पन्न नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करनियोजनावरचे लेख वर्तमानपत्रांत फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि विमा, पीपीएफपाशी थांबतात. २०२३-२४ पासून नवी करप्रणालीच आपोआप लागू होऊ लागली आणि तिच्यात या गुंतवणुकींची वजावट नाही, तरी लेख तेच. नाशिककरांपुढचा प्रश्न सध्या निराळा आहे. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. तपोवन, आडगाव, मखमलाबादकडच्या मोकळ्या जमिनींना वाहनतळ आणि तंबूंसाठी मागणी येते आहे, पंचवटीतल्या जुन्या घरांच्या वरच्या खोल्यांनाही. मी इथे कर सल्लागाराचे काम करतो, म्हणून हे पत्र.

परवा एक द्राक्ष बागायतदार काका कराराचा कच्चा मसुदा घेऊन आले होते. बांधालगतची पडीक जमीन वाहनतळाच्या ठेकेदाराला द्यायची होती. मी कराचे विचारले तर म्हणाले, "साहेब, सातबारा आहे ना, शेतीला कुठं टॅक्स?" शेतीच्या उत्पन्नाला नाही, हे खरे. पण जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला दिली की तिचे भाडे शेतीचे उत्पन्न राहत नाही, सातबारा कितीही जुना असो. शिवाय ती मोकळी जमीन, म्हणजे घरभाड्यावरची ३० टक्क्यांची वजावटही नाही.

"मग १२ लाखांपर्यंत माफ आहे ना?" हा काकांचा पुढचा प्रश्न. इथेच बरेच जण फसतात. बागेचे निव्वळ उत्पन्न १५ लाख आणि जमिनीचे भाडे ८ लाख धरू. इतर उत्पन्न ४ लाखांवर गेले की दर ठरवण्यासाठी शेतीचे उत्पन्न त्यात मिळवतात. नव्या प्रणालीत २३ लाखांवर कर होतो २ लाख ७५ हजार. त्यातून १५ लाख अधिक करमुक्त ४ लाख, म्हणजे १९ लाखांवरचा १ लाख ८० हजार वजा. राहिले ९५ हजार. १२ लाखांपर्यंतची माफी म्हणजे करातली सूट, ती जास्तीत जास्त ६० हजारांची, म्हणून ३५ हजार आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ३६,४०० रुपये. काकांनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला.

यावर घरोघरी एकच तोड सुचवली जाते: करार बायकोच्या नावाने करा. जमीन नवऱ्याची असेल तर भाडे त्याचेच धरले जाते. जमीन बायकोला बक्षीस दिली तरीही उत्पन्न नवऱ्याच्याच खात्यात मिळवतात. दुसरा सल्ला एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचे वेगळे करखाते, काढण्याचा. ६० हजारांची सूट फक्त व्यक्तीला आहे, एचयूएफला नाही, हे तो सल्ला देणारे सांगत नाहीत. सातबारावर तीन भावांचे हिस्से खरोखर वेगळे असतील तर मात्र करारात तिघे हवेत आणि पैसेही ज्याचे त्याच्या खात्यात जायला हवेत. मग प्रत्येकाचा कर आपापला.

ठेकेदार म्हणतो, निम्मे रोख घ्या, करारात दाखवू नका. एका व्यवहारापोटी एकाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला. जमीन भाड्याने घेणारी कंपनी असेल आणि महिन्याचे भाडे ५० हजारांवर असेल तर भाडे देतानाच १० टक्के कर (टीडीएस) कापला जाईल, पॅन दिला नाही तर २० टक्के. कर कमी बसत असेल तर जास्तीचे पैसे विवरणपत्र भरूनच परत मिळतात, आणि आमच्या कित्येक शेतकऱ्यांनी ते आजवर कधी भरलेले नाही.

पंचवटीतल्या घरमालकांचे त्या मानाने सोपे. भाड्यातून त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, मागची थकबाकी भरली तर तीही, आणि उरलेल्यावर ३० टक्के वजावट नव्या प्रणालीतही मिळते. रंगकाम, नवे नळ यांची बिले मग वेगळी चालत नाहीत. चहा-नाश्ता आणि अंथरूण-पांघरूण देऊन रोजाने खोल्या दिल्या तर तो व्यवसाय धरला जातो; तिथे ३० टक्के जातात, पण खरे खर्च दाखवता येतात. तेव्हा बिले पहिल्या दिवसापासून जपावीत. कलमांचे क्रमांक मुद्दाम देत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, जुने क्रमांक पाठ असलेले आम्हीच अजून चाचपडतो आहोत.

साधुग्राम आणि वाहनतळांसाठी प्रशासन स्वतः शेतकऱ्यांशी करार करते तेव्हा करारासोबत कराची माहिती देणारे एक पान, सोप्या मराठीत, जोडावे अशी माझी विनंती आहे. आपणही ही माहिती पुढच्या मार्चची वाट न पाहता, करारांवर सह्या होण्याआधी छापावी.

आपला,
एक कर सल्लागार
पंचवटी, नाशिक