मनीषाला पत्र : चौथीचा वर्षशेवट आणि कात्रजची सहल

नसरापूर,
१२ जानेवारी

प्रिय मनीषा,
सप्रेम नमस्कार.

चौथीचा वर्ग तुझ्याकडे आला हे कळलं, आणि सहल कधी काढू, कुठे काढू हा तुझा प्रश्नही मिळाला. परीक्षा झाल्यावर मोकळेपणाने जाऊ, असं तुमच्या बाईंचं म्हणणं दिसतंय. ते ऐकू नकोस. एप्रिलच्या शेवटी ऊन इतकं असतं की अकरानंतर सगळे प्राणी सावलीत आडवे, आणि मुलंही. शिवाय परीक्षेनंतरच्या सहलीचा वर्गाला काही उपयोग उरत नाही. फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धर. वर्षशेवटाची निम्मी कामं या सहलीच्या जिवावर उरकतात. ती कशी, ते पुढे सांगते.

ठिकाण कात्रजच घे. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आपल्याला जवळ आहे आणि एका दिवसात आरामात होतं. जवळपास १३० एकरांचा परिसर, त्यात ४२ एकरांचा तलाव. महापालिकेचं आहे, बुधवारी बंद असतं. मंगळवार किंवा गुरुवार बघ. रविवारी गर्दीत मुलं सांभाळण्यातच दिवस जातो. गेट साडेनऊला उघडतं, त्या वेळी दारात उभं राहायचं. वाघ, अस्वल, गवा सकाळीच हिंडतात. साप दुपारी बघितले तरी चालतात.

गाडी एसटीचीच कर. शाळेच्या सहलीला प्रासंगिक करारात (म्हणजे अख्खी गाडी भाड्याने घेतली तर) ५० टक्के सवलत आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलांची यादी डेपोत द्यावी लागते. एक गोष्ट आधीच विचारून घे: करारात किमान किलोमीटरचं भाडं लागतंच, अंतर कितीही कमी असो. त्यामुळे वीस मुलांसाठी अख्खी गाडी घेतली तर डोईवर खर्च फार पडतो. शेजारच्या शाळेला बरोबर घेतलं की तो निम्म्यावर येतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडचा परवानगीचा अर्ज पंधरा दिवस आधी टाक. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याचे विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून सहलीची परवानगी काटेकोरपणे बघतात, आणि ते योग्यच आहे. तुमच्या सहलीत फक्त तलाव आहे, तोही कुंपणाआड, तरी अर्जात स्पष्ट लिही: पाण्याजवळ जाणार नाही, त्याच दिवशी उजेडात परत.

पालकांच्या संमतीपत्रात सहीबरोबर तीन ओळी ठेव: गाडी लागते का, दमा किंवा फिट येते का, कोणतं औषध चालू आहे. निम्म्या पालकांनी "काही नाही" लिहिलं तरी मुलाला बाजूला घेऊन विचार, मुलं खरं सांगतात. जुना घाट थेट कात्रजला उतरवतो, पण त्या वळणांवर चार-पाच मुलं हमखास उलट्या करतात. ड्रायव्हरला नवीन बोगद्याने न्यायला सांग, थोडा वळसा पडला तरी. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या बाकांवर बसव, खिडकी उघडी, आणि सकाळी दूध-चहा नको. कोरडी चपाती किंवा भाकरी खाऊन यायचं. वर्तमानपत्राच्या पुड्या आणि ओलं फडकं तुझ्या हातात असू दे, डिकीत नव्हे.

डब्यात चपाती, शेंगदाण्याची चटणी, सुकी मटकी. दहीभात आणि बटाट्याची भाजी उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही. गेटवर पिशव्या तपासतात, प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. वेफर्सची पाकिटं काढून घेतल्यावर मुलं रडतात, म्हणून आदल्या दिवशीच सांग. पाण्याला स्टीलच्या बाटल्या. आणि पोषण आहाराच्या मावशींना एक दिवस आधी कळव, नाहीतर चौथीचा भात शिजून वाया जातो.

मोजणीचं असं कर. प्रत्येकाला एक नंबर, तोच दिवसभर. "गिनती!" म्हटलं की मुलांनी आपापला नंबर ओरडायचा. गाडीत चढताना, गेटच्या आत, जेवल्यावर आणि गाडी सुटण्याआधी, असं चार वेळा. मुलं हरवतात ती प्राण्यांपाशी नाही, संडासापाशी. म्हणून तिथे पाच-पाचच्या गटाने पाठव, आणि सगळा गट परत आल्याशिवाय पुढचा सोडू नकोस. खिशात चिठ्ठी: शाळेचं नाव आणि तुझा फोन. मुलाचं नाव छातीवर लावू नकोस, अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि मूल विश्वासाने जातं. दहा मुलांमागे एक मोठं माणूस मी धरते. एक पुढे, एक अगदी शेवटी, बाकीचे मधे.

आता मुख्य मुद्दा. सगळे प्राणी दाखवायचा हट्ट सोड. पाटी वाचली, "वाघ!" म्हणून ओरडले, पुढे पळाले, असं झालं की संध्याकाळी मुलांना फक्त आइस्क्रीम आठवतं. एक प्रश्न घेऊन जा. मी सुचवते तो प्रश्न शिंगांचा: कोणाची शिंगं गळतात आणि कोणाची नाही?

तिथे चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय, गवा हे सगळे आहेत, म्हणून हा प्रश्न जमतो. चितळांच्या कुंपणापाशी मुलांना नुसतं उभं कर, पाच मिनिटं, न बोलता. एकाच कळपात एखाद्या नराची शिंगं मऊ, लवदार कातडीत असतात, दुसऱ्याची टणक आणि घासून गुळगुळीत, तिसऱ्याच्या डोक्यावर नुसते खुंट. चितळाचे सगळे नर एकाच वेळी शिंगं टाकत नाहीत, म्हणून हे तिन्ही टप्पे शेजारी शेजारी दिसू शकतात. कुंपणाला हात लावायचा नाही आणि दगड मारायचा नाही, हे आधी बजाव. प्राण्याला चिडवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मग काळवीट. त्याच्या शिंगाला फाटे नाहीत, पीळ आहे, आणि शिंग फक्त नराला. गव्याकडे गेल्यावर विचार: हा नर की मादी? मुलं शिंगं बघून नर म्हणतील. गव्याच्या मादीलाही शिंगं असतात. आपल्या मुलांनी पोळ्याला बैलाची शिंगं रंगवलेली असतात, गाय-म्हैस घरात असते. बैलाचं शिंग हे हाडावरचं पोकळ आवरण, ते जन्मभर टिकतं, गळत नाही. काळवीट, नीलगाय, गवा त्याच घरातले. चितळ-सांबराचं शिंग म्हणजे भरीव हाडच, दरवर्षी गळून नवीन येतं. हे मूल स्वतः मांडेपर्यंत तू सांगू नकोस. हाच तर दिवसाचा मोबदला.

बाकी ओझरतं. पांढरा वाघ बघून "ही वेगळी जात का?" असं विचारतीलच. तो आपलाच पट्टेरी वाघ, रंगाच्या एका जनुकामुळे पांढरा. १९५१ मध्ये रेवाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन' नावाच्या वाघापासून पिंजऱ्यांतले बहुतेक पांढरे वाघ आले. वाघ एकाच वाटेने येरझारा घालत असेल आणि मुलांनी कारण विचारलं, तर "फिरायला निघालाय" असं थापेबाज उत्तर देऊ नकोस. मोठी हद्द लागणारा प्राणी बंदिस्त जागेत कंटाळला की असं करतो, हे नऊ वर्षांच्या मुलाला समजतं. सापांकडे मात्र वेळ दे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार विषारी सापांची नावं नुसती पाठ नकोत, ओळख हवी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही, म्हणून गादी जमिनीला टेकवायची नाही हे घरी सांगायला लाव. साप चावला तर चिरा द्यायचा नाही, घट्ट बांधायचं नाही, थेट सरकारी दवाखाना.

नोंदीसाठी दोन कोरे कागद दुमडून आठ पानांची वही कर, मधोमध दोऱ्याने शिव, आणि पेन्सिल त्याच दोऱ्याला बांध. सुटी पेन्सिल पहिल्याच खंदकात पडते. पानावर लिहायला कमी, काढायला जास्त. डाव्या पानावर शिंगाचं चित्र, उजवीकडे दोन ओळी.

ही वही म्हणजे तुझं वर्षशेवटाचं भांडवल. चौथीला आकारिकचे (वर्गात चालू राहणाऱ्या कामांचे) ६० गुण आणि संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ४०. आकारिकमधला परिसर अभ्यासाचा प्रकल्प हाच घे. तोंडी काम म्हणजे प्रत्येकाने आपली शिंगं वर्गाला समजावून सांगायची. संकलितच्या ४० मध्ये १० तोंडी-प्रात्यक्षिकाचे असतात, तिथेही हा सराव उपयोगी पडतो. सगळ्यांत मोठी सोय वर्णनात्मक नोंदींची, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या शेऱ्यांची. एप्रिलमध्ये घाईने बसलं की पंचवीस मुलांपुढे "गृहपाठ नियमित करतो" एवढंच उतरतं. सहलीच्या दिवशी रात्री प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ टाकून ठेव: कोण शांत उभं राहिलं, कोणी प्रश्न विचारला, कोणी लहानाचा हात धरला. विशेष प्रगती आणि आवड हे दोन्ही रकाने त्यातूनच भरतात, आणि पालकांना आपलं मूल त्यात ओळखू येतं.

निरोप समारंभाचं फार मनावर घेऊ नकोस. वह्यांचं प्रदर्शन व्हरांड्यात दोरीला चिमट्यांनी टांग, मसालेभात कर, भेटवस्तूची वर्गणी काढू नकोस. ज्याच्याकडे पन्नास रुपये नसतात ते मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. गटाचा फोटो सकाळीच काढ. मात्र दाखल्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघ. पाचवीला मुलं दुसऱ्या शाळेत जातील, तेव्हा जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या प्रवेशनोंदवहीतलं) नाव, आईचं नाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख आधारशी ताडून घे, मार्चमध्येच. मूल शाळा सोडून गेल्यावर नोंदीत दुरुस्ती करणं फार अवघड, आणि हेलपाटे पालकांना पडतात. ग्रंथालयाची पुस्तकंही परीक्षेआधी गोळा कर, निकालाच्या दिवशी कोणी आणत नाही.

बरोबर घ्यायची शाळा आमचीच धर. माझी चौथी १९ जणांची आहे. लाल गाडीत ४४ आसनं धरली आणि मोठी माणसं पाच धरली तर तुझ्या २० मुलांना जागा होते. तुझा नक्की पट आणि तुमच्या सरांना चालणारे दोन दिवस कळव, म्हणजे डेपोत एकच पत्र देता येईल. तिसरी-चौथी एकत्र नेणार असशील तर तेही आत्ताच सांग, मग दोन गाड्यांचा हिशेब मांडावा लागेल.

तुझी,
वैशाली