त्या मुलांना वीस मिनिटे द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एका गृहस्थांचे पत्र वाचले. गणेशोत्सवाच्या रंगमंचावर रॅप नको, ती शिव्यांची आणि नशेची गाणी, असा त्यांचा एकूण सूर होता. ते पत्र वाचून गप्प बसवेना, कारण यंदाच्या चवथीत हेच आमच्या गावात घडले.

माझा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र गेले वर्षभर स्वतः लिहिलेली गाणी रॅपमध्ये म्हणतात. उत्सव समितीने त्यांना चौथ्या रात्रीची वीस मिनिटे दिली होती. त्या दिवशी दुपारी चार वाजता फोन आला की कार्यक्रम रद्द. कारण विचारले, तर म्हणे तक्रार आली आहे. गाणी काय आहेत हे समितीतल्या कुणीही ऐकले नव्हते. मुले आमच्या बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, येऊन बसली. भाड्याने आणलेला स्पीकर रिक्षातच होता, आणि तो उतरवायचा की तसाच परत न्यायचा हे रिक्षावाला दर पाच मिनिटांनी विचारत होता. मी ३४ वर्षे सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवले आहे. नापास झालेल्या मुलांचे चेहरे पुष्कळ पाहिले. ही मुले तर परीक्षेला बसलीच नव्हती.

समितीवर माझा राग नाही, सगळी ओळखीची माणसे आहेत. पण रॅप म्हणजे शिव्या हे समीकरण मला मान्य नाही आणि त्याला कारण आहे.

माझा धाकटा भाऊ बोटीवर होता. १९९२ च्या चवथीला तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या दोन कॅसेट होत्या. रात्री आमच्याकडे भजन होते आणि मी बलकांवावर बसून पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत होतो. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, त्यात घाई चालत नाही. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर बसून जातो. थोडी लावायची, थाप मारायची, कान द्यायचा, पुन्हा थोडी. भावाने टू-इन-वनमध्ये कॅसेट घातली. पहिल्यांदा आला तो नुसता खर्ज. डबल बासच्या जाड तारेचा, सावकाश चालत येणारा. ढोल नाही, पेटी नाही. त्या खर्जावर एक तरुण बोलू लागला आणि बोलता बोलता तालात कधी शिरला ते कळलेच नाही. माझा हात कणकेतच राहिला. ज्या आवाजासाठी मी अर्धा तास खटपट करत होतो, तोच आवाज त्या डब्यातून येत होता.

ती कॅसेट ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या मंडळींची, १९९१ सालची. त्या पहिल्याच गाण्यात मुलगा वडिलांना आपले संगीत ऐकवतो आणि वडील सांगतात, हे ऐकून मला माझ्या तरुणपणातल्या बीबॉपची, म्हणजे त्या काळच्या जाझची, आठवण येते. घरातल्या दोन पिढ्या एका तालावर भेटतात. इंग्रजी मला शाळेपुरते येत होते, बाकीचे भावाने समजावले.

दुसरी कॅसेट ‘डी ला सोल’ यांची, १९८९ ची. ही दोन्ही मंडळे, त्यांच्या आधी १९८८ मध्ये पहिला अल्बम काढलेले ‘जंगल ब्रदर्स’, न्यू जर्सीची क्वीन लतीफा, लंडनहून आलेली मोनी लव्ह, अशा सगळ्यांचा मिळून एक गोतावळा होता. नाव ‘नेटिव्ह टंग्ज’. आपल्या भाषेत सांगायचे तर मूळच्या बोली. ज्यांच्या पूर्वजांच्या बोली गुलामगिरीत हिरावून घेतल्या गेल्या, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी हे नाव घ्यावे, यातच बरेच काही आले. ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका इमारतीतल्या घरगुती पार्टीत हिप हॉप, म्हणजे रॅप ज्याचा एक भाग आहे ती कला, जन्मले असे मानतात. त्याला पंधरा वर्षे होत असताना ही मुले पुढे आली. कुणी एकाच शाळेत शिकलेले, कुणी एकाच वस्तीत वाढलेले. त्या काळात गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि तोंडात दरडावणीची भाषा हा रॅपचा साचा ठरत चालला होता. यांनी फुलाफुलांचे रंगीत शर्ट घातले, गळ्यात चामड्याची पदके अडकवली, आणि आपली गल्ली, आपले मित्र, आपला इतिहास, आपल्या चुका यांवर लिहिले. ‘डी ला सोल’मधल्या एकाने तर आपले टोपणनाव ‘योगर्ट’ हा शब्द उलटा करून घेतले, कारण त्याला दही आवडायचे. अशा माणसाला दरडावणे कुठून जमणार?

पण मला त्यांचे खरे अप्रूप वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. एकाचे रेकॉर्डिंग चालू असताना दुसरे तिथे जायचे आणि त्याच्या गाण्यात आपली चार कडवी घालून यायचे. कुणाचे नाव मोठे, कुणाचे लहान, हा हिशेब नव्हता. आमच्या गावच्या सप्त्यात चोवीस तास भजन खंडू द्यायचे नसते. रात्री अडीच-तीनला आमची माणसे पेंगू लागतात, तेव्हा शेजारच्या गावचे मंडळ टाळ घेऊन पायऱ्या चढते आणि आमचा अभंग संपायच्या आत त्यांचा गायक सूर धरतो. कुणी कुणाचे आभार मानत नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या सप्त्याला आपण जायचे असते, एवढेच. न्यूयॉर्कच्या त्या मुलांनी आमचा सप्ता पाहिलेला नव्हता, पण त्यांची रीत मला लगेच ओळखीची वाटली.

आता शिव्यांबद्दल. १९९१ च्या त्या अल्बमसाठी ‘ट्राइब’च्या मुलांनी रॉन कार्टर यांना डबल बास वाजवायला बोलावले. जाझमधले नामवंत माइल्स डेव्हिस यांच्या ताफ्यात वाजवलेला हा बुजुर्ग. ते तयार झाले, पण अट घातली की गाण्यात अर्वाच्य भाषा नको. त्यांना सांगण्यात आले की आम्ही खऱ्या प्रश्नांवर लिहितो आहोत. मग ते आले आणि वाजवून गेले. बुजुर्गाने आधी विचारले आणि मग साथ केली. आमच्याकडे विचारण्याच्या आधीच फोन आला.

क्वीन लतीफाचे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लतीफा हे नाव तिने आठव्या वर्षी अरबी नावांच्या पुस्तकातून स्वतः निवडले. अर्थ नाजूक, दयाळू. १९८९ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ती १९ वर्षांची होती. पुढे १९९३ मध्ये ‘युनिटी’ नावाचे तिचे गाणे आले. रस्त्यात अंगाला हात लावणाऱ्या पुरुषाला ती त्यात जाब विचारते, मारझोड करणाऱ्या माणसाला सोडून निघते, आणि रॅपमध्येच बायकांना ज्या शब्दांनी हाक मारली जात होती त्या शब्दांवर बोट ठेवते. या गाण्याला १९९५ मध्ये ग्रॅमी मिळाले. म्हणजे रॅपमधल्या शिव्यांविरुद्धचा आवाज रॅपमधूनच उठला, आणि तो एका मुलीचा होता. पत्रलेखक गृहस्थांनी हे एकच गाणे अर्थ समजून घेऊन ऐकावे, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

आणखी एक, थोडे खासगी. ‘ट्राइब’मधला फाइफ डॉग मधुमेही होता आणि १९९३ च्या एका गाण्यात त्याने ते सरळ सांगून टाकले. माझे निदान झाल्यावर मी कित्येक वर्षे शाळेत कुणाला कळू दिले नव्हते, प्रसादाचा शिरा मुकाट्याने खात होतो. तो मात्र हजारो लोकांसमोर आपला आजार नावासकट म्हणत होता. मधुमेहाच्या गुंतागुंतीतून मार्च २०१६ मध्ये तो गेला, वय ४५. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या आवाजासह त्यांचा शेवटचा अल्बम आला आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या जाण्याची बातमी कळली तेव्हा मी पहिल्यांदा घरात सगळ्यांदेखत सांगितले की मी गोळ्या घेतो.

हा गोतावळा टिकला का? नाही. चार-पाच वर्षांत पांगला. मने दुखावली, वाटा वेगळ्या झाल्या. सगळे संतच होते असेही नाही, त्यांच्या काही ओळी मी शाळेत लावणार नाही. ‘डी ला सोल’वर तर दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरल्याचा दावा झाला. असे तुकडे आणि जुने करारमदार यांच्या घोळात त्यांचे सुरुवातीचे अल्बम पुढे कित्येक वर्षे इंटरनेटवर अधिकृतपणे ऐकताच येत नव्हते. माझ्या कपाटात कॅसेट होती, पुतण्याच्या फोनवर काहीच नव्हते. मार्च २०२३ मध्ये ते सगळे एकदम उपलब्ध झाले. दही आवडणारा तो ट्रुगॉय मात्र त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, फेब्रुवारीत वारला. पुतण्याने पहिल्यांदा पूर्ण अल्बम ऐकला तो त्या मार्चमध्ये, आमच्या बलकांवावर, आणि मी शेजारी बसून पुढची ओळ आधीच म्हणत होतो. चोवीस तास तो माझ्याशी नीट बोलला नाही, मी हे इतकी वर्षे सांगितले का नाही म्हणून.

पांगले तरी पेरलेले उगवत राहिले. १९९६ मध्ये ‘डी ला सोल’ने मोस डेफ नावाच्या नवख्या तरुणाला आपल्या अल्बमवर जागा दिली, तो पुढे मोठा झाला. ‘कॉमन’ नावाचा रॅपर, ‘द रूट्स’ हे मंडळ, ही नावे त्याच वाटेवरची. आणि आपल्या जवळ पाहायचे तर मुंबईची ‘स्वदेशी’ ही मंडळी. मराठी, हिंदी, गुजराती, ज्याला जी बोली आपली त्यात तो म्हणतो. २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी त्यांनी तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर गाणे केले. गुजरातीत रॅप करणारा त्यांचा धर्मेश परमार २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. पुतण्याच्या खोलीत भिंतीवर त्याचा फोटो आहे.

आपल्या गोव्याला हे परके का वाटावे? तियात्रातली, म्हणजे आपल्या कोंकणी नाटकातली, कांतारां (गाणी) मंत्र्यांना तोंडावर सुनावत आली आहेत आणि ते मंत्री पहिल्या रांगेत बसून ऐकतात. १९८६-८७ ची भाषेची आंदोलने मी पाहिली आहेत. मराठी की कोंकणी यावरून एका घरातले दोन भाऊ बोलेनासे झालेले मला माहीत आहेत. ही मुले एका कडव्यात दोन्ही बोली आणतात आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. मला वाटते.

त्यांतल्या एकाच्या वडिलांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता, कर्ज काढून घेतलेला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा मुलगा शाळेच्या पहिल्या वर्गात होता. मधे थोड्या चालू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिचोली तालुक्यात असे ट्रक किती घरांच्या दारात उभे राहिले ते इथल्या वाचकांना सांगायला नको. त्या मुलाने लिहिलेल्या या चार ओळी त्याच्या परवानगीने देतो:

दारात उभा ट्रक, चाकांत उगवलं तण,
हप्त्याच्या तारखेला बाबा गप्प, आम्ही पण.
आई तांदूळ काढते रोज मोजून मापानं,
लाल धूळ धुऊन जाते, कर्ज जात नाही पावसानं.

यात शिवी कुठे आहे, नशा कुठे आहे, ते मला दाखवावे. चौथ्या रात्री हे म्हटले जाणार होते. त्याचे वडील कार्यक्रमाला येणार होते, इस्त्रीचा शर्ट घालून तयारही झाले होते.

समितीला माझी एवढीच सूचना आहे की पुढच्या वर्षी मुलांकडून गाणी आधी लिहून घ्यावीत, वाचावीत, खटकेल तिथे त्यांना समोर बसवून विचारावे आणि मग वीस मिनिटे द्यावीत. तोपर्यंत आमच्या भजनी मंडळाशी मी बोललो आहे. कार्तिकी एकादशीला आमच्या घरी भजन असते, तेव्हा मध्यंतरानंतर मुले म्हणतील आणि पखवाजावर मी बसेन. दोन रविवार तालीम झाली. त्यांची लय माझ्या सवयीपेक्षा जलद आहे, मला अजून हात बसवावा लागेल.

चारही गाणी मी वहीत माझ्या अक्षरात उतरवून ठेवली आहेत. समितीतल्या कुणाला किंवा त्या पत्रलेखक गृहस्थांना वाचायची असतील तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
डिचोली, गोवा