कॉलर साडेपंधराची

कराड,
रविवार, दुकान बंद

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे तीन शर्ट इस्त्री करून कुरिअरने पाठवतोय. हे पत्र मधल्या शर्टाच्या घडीत ठेवलंय. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मी वाहवत जातो. परवा पहाटेच्या गाडीने गेलास. आई म्हणाली, तुमची झोपमोड नको म्हणून उठवलं नसेल. मी जागाच होतो. बॅगेची चाकं फरशीवर वाजू नयेत म्हणून तू ती उचलून नेलीस, तेही ऐकलं.

दाढीवरून बोललो ते चुकलंच, त्यातून गिऱ्हाईकांसमोर. "अण्णा, मी गिऱ्हाईक नाही तुमचं, माझं माप घेऊ नका," असं तू म्हणालास. लागलं. पण खरं सांगायचं तर मी माप घेतच होतो. शिंप्याची चाळीस वर्षांची खोड आहे. माणूस पायरी चढून आत आला की टेप हातात घ्यायच्या आधी डोळा त्याच्या खांद्यावरून, पोटावरून फिरून येतो. तुझी कॉलर मानेपासून सुटलेली दिसली. ते बोलायचा धीर झाला नाही म्हणून दाढीवर घसरलो.

पायलटने दाढी ठेवली तरी चालते, हे तुझं म्हणणं मी नंतर शेजारच्या मोबाईलवाल्या पोराकडून बघून घेतलं. खरं आहे. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर गच्च बसत नाही म्हणून पूर्वी बंदी असायची, आणि कॅनडात विद्यापीठाने दाढीवाल्या माणसांना मास्क लावून तपासलं तर काही फरक पडला नाही, म्हणून तिथल्या कंपनीने 2018 मध्ये परवानगी दिली. आपल्याकडे सरदारजी पायलट दाढीपगडीसह इतकी वर्षं उडवतायतच. तेव्हा तो मुद्दा तुझा. फक्त ठेवायची तर कोरलेली ठेव. चार दिवस वेळ मिळाला नाही म्हणून वाढलेली दाढी आणि ठेवलेली दाढी यांतला फरक मला कळतो, तसा टर्मिनलवर बसलेल्या माणसालाही कळतो. आणि वेळ का मिळाला नाही, हे तो मनातल्या मनात विचारतो.

मी विचारलं होतं. तुझ्या तिकिटावर आई आणि मी पुण्याहून दिल्लीला गेलो तेव्हा गेटापाशी बसलो होतो. समोरून कॅप्टन गेला, खांद्यावर चार पट्ट्या. मी आधी त्याचे बूट बघितले, मग पॅन्टची क्रीज, मग डोळे. डोळे ताजे होते. तेव्हा कुठे आईला म्हटलं, चल, बसू. तू हसशील. पण दीडपावणेदोनशे माणसं विमानात बसतात, त्यांना तुमचं लायसन कोण दाखवतंय? त्यांना तेवढंच दिसतं. तूच सांगितलं होतंस ना, पूर्वी कातडी जाकीट घालून उडवायचे, मग 1930 च्या सुमारास अमेरिकेतल्या पॅन अ‍ॅमने पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या पायलटांना बोटीवरच्या ऑफिसरसारखे कपडे दिले, लोकांचा भरवसा बसावा म्हणून. म्हणजे कपडा भरवशाच्या कामासाठीच आहे. टाय सैल करून, शर्ट बाहेर काढून कँटीनमध्ये बसायचं नाही, युनिफॉर्मवर रील तर मुळीच नको. 2023 च्या होळीला त्या दोघा पायलटांनी कॉकपिटमध्ये कॉफीचा कप आणि गुजिया ठेवून फोटो काढला आणि ड्युटीवरून उतरवले गेले. गुजिया म्हणजे आपली करंजीच. आईने त्या दिवसापासून तुझ्या डब्यात करंज्या देणं बंद केलं, आता सांगतो.

झालं, सुरू झालो. माफ कर.

आईचंच आणखी एक. द्राक्षासवाची बाटली तू बॅगेतून काढून फडताळात ठेवलीस, तिला वाटलं पोरगं आता आपल्या हातचं घेत नाही. दोन दिवस ती बोलली नाही. मग मी बाटली चष्मा लावून वाचली. आसवात आपोआप तयार होणारा अल्कोहोल असतो, बाटलीवर लिहिलेलं आहे. तुमच्या ड्युटीआधी नळीत फुंकायचं आणि आकडा शून्यच यायला हवा, पहिल्यांदा सापडलं तरी तीन महिने लायसन बंद, तोंड धुवायचं औषधसुद्धा चालत नाही. एवढं तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, मग भूक लागत नाही त्याला काय द्यायचं? मला उत्तर आलं नाही. भूक लागत नाही हे तू तिला सांगितलं होतंस, मला नाही.

झोपेचं विचारायचं नाही असं आईने बजावलंय. विचारत नाही.

विमान शिकायला गोंदियाजवळ बिरसीला गेलास ती गोष्ट परवा एका गिऱ्हाईकाला सांगत होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसचं स्लीपरचं तिकीट, कराडहून थेट गोंदिया, एक अख्खा दिवस आणि वर काही तास. पांढरे शर्ट मीच शिवले होते. खांदपट्टीचा नमुना माझ्याकडे पोलिसांच्या शर्टाचा होता, त्यावरून लूप केले ते इतके घट्ट झाले की तुझी पट्टी आत जाईना. तू तिथल्या मेसमध्ये ब्लेडने शिवण उसवलीस, बोट कापलंस आणि मला फोनवर सांगितलंस, "फिटिंग एकदम मस्त आहे अण्णा." शर्ट दिवाळीला घरी आला तेव्हा काळ्या दोऱ्याचे टाके दिसले. पांढऱ्या शर्टाला काळा दोरा! दोनशे तास पुरे झाले, लायसन आलं, तरी तो शर्ट मी टाकला नाही. कपाटात आहे.

तेव्हापासून तुझं "एकदम मस्त आहे" मी तपासून घेतो.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. ऑगस्ट 2023 मध्ये नागपूरच्या विमानतळावर बोर्डिंग गेटजवळ एक कॅप्टन कोसळला आणि गेला. पुण्याचं विमान न्यायचं होतं त्याला. चाळिशीतला माणूस, आदल्या दिवशीची विश्रांतीही नियमात बसणारी होती म्हणे. का गेला ते डॉक्टर जाणोत, मी काही जोडत नाही. पण त्या रात्री मी तुला तीन वेळा फोन लावला होता आणि तू म्हणालास, नेटवर्क नव्हतं का कुणाकडे, इतके फोन? आता आठवड्याची सुट्टी 36 तासांवरून 48 तासांची झाली हे तूच सांगितलंस. बरं झालं. पण त्या 48 तासांत तू कराडला येतोस, गाडीत सहा तास जाता-येता, घरी आल्यावर मोबाईलचं चार्जर शोधत फिरतोस, आणि रात्री दोनला तुझ्या खोलीतला दिवा जळतो. दोन ते सहा ही शरीराची सगळ्यात कच्ची वेळ, हेही तुझंच वाक्य. त्यात घरी असूनही जागा का?

पुन्हा तेच झालं. आईला सांगू नकोस.

ज्या दिवशी डोळे साथ देत नाहीत त्या दिवशी वर कळवून ड्युटी नको म्हणायची सोय तुमच्याकडे आहे ना? मग ती वापर. रेकॉर्डवर येईल, कॅप्टन व्हायला उशीर होईल, वर्षाच्या मेडिकलला डॉक्टर चार प्रश्न जास्त विचारेल. होऊ दे. चौथी पट्टी वर्षभर उशिरा आली तर कर्जाचे हप्ते आपण बघू. गाळ्याचं भाडं मी अजून भरतोय, हात थरथरत नाहीत, काज अजून हाताने घालतो.

शर्टाचं. कंपनीने तुला घेतलं तेव्हा कॉलर साडेपंधरा होती, आता माझ्या अंदाजाने साडेचौदा. नुसतं बटण एक इंच आत घेतलं असतं तर पाच मिनिटांचं काम, पण मग टायची गाठ बांधली की कॉलर एका अंगाला कलते आणि ते लांबून दिसतं. म्हणून एका शर्टाची कॉलर पूर्ण उसवली, पट्टा नव्याने कापला, आत नवं बुकरम घातलं. ड्युटीला सध्या तो घाल. बाकीच्या दोघांना हात लावलेला नाही. ते साडेपंधराचेच आहेत.

तुझा,
अण्णा

ता. क. दाढीचं मिटलं असं मी धरलंय. डब्यात मेतकूट आणि तूप आहे, भात कुकरला तीन शिट्ट्या. पार्सल मिळाल्यावर फोन नको, फोटो पाठव, शर्ट घालून, वरचं बटण लावून.